बंदुकीकडून दुर्बिणीकडे : अहमदनगर जिल्ह्यातील वन्यजीव-पर्यटनाची पूर्वपीठिका

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यात वन्यजीवांसाठी होणाऱ्या प्रवासाचा इतिहास शिकारीच्या नोंदींपासून सुरू होतो. मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रज शिकाऱ्याने १८०९ ते १८२९ या काळात येथे ९६१ माळढोक मारल्याची नोंद पक्षिशास्त्रीय वाङ्मयात आढळते. एका बंदुकीला इतके पक्षी मिळावेत, यावरून तत्कालीन माळरानांच्या समृद्धीची कल्पना येते. याच सुमारास कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची सूची तयार केली. ती १८३२ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाली. अर्थात, अभ्यासकाच्या हाती येणारा पक्षीही तेव्हा बहुधा मारलेलाच असे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला पायबंद बसला. १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत मिळून माळढोक अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्र तब्बल ८,४९६ चौ. कि.मी. होते. कर्जत, श्रीगोंदे, नेवासे या तालुक्यांतील पिकाखालील जमिनी आणि नांदती गावेही त्यात आली. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले आणि ज्या पक्ष्याला शेतकऱ्याने क्वचितच पाहिले होते, तो त्याला अडचणीचा वाटू लागला. दुसरीकडे कालव्याचे पाणी व ऊस आल्याने गवताळ माळ आक्रसत गेले. अभयारण्याचे क्षेत्र पुढे १,२२२ चौ. कि.मी. पर्यंत घटविण्यात आले. परंतु माळ नांगरले जाणे त्यापूर्वीच थांबवावयास हवे होते. याउलट कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य (१९८०) अवघे २.१७ चौ. कि.मी. चे आहे. तेथे काळविटांचे कळप आजही पाहावयास मिळतात. सीमा लहान असली तरी राखता येण्याजोगी होती, हे त्यामागील एक कारण मानता येईल.

ज्या सिंचनाने माळावरचा पक्षी विस्थापित केला, त्यानेच पाणपक्ष्यांना आश्रय दिला. १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा नाथसागर नेवासे व शेवगाव तालुक्यांपर्यंत पसरला आणि १९८६ मध्ये तेथे पक्षी अभयारण्य झाले. हिवाळ्यात रोहित, चक्रवाक, पट्टकादंब पाहण्यासाठी पक्षिनिरीक्षक या काठांवर येतात. याच जलाशयासाठी या तालुक्यांतील गावे उठविण्यात आली होती. पक्षी ज्या उथळ काठांवर उतरतात, तेथेच पाणी ओसरल्यावर शेतकरी गाळपेराची पिके घेतात.