विमेदारांचा वाली कोण?

कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागावी? विम्याच्या व्यवहारात हा प्रश्न वारंवार उभा राहिला आहे. अडचणीच्या वेळी आधार मिळावा म्हणून माणूस वर्षानुवर्षे हप्ते भरतो. आणि नेमके त्याच वेळी कंपनीचे दिवाळे निघाले, तर त्याच्या हाती केवळ कागद उरतो. इंग्लंडने या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले, ते पाहण्यासारखे आहे.

१९३० च्या कायद्याने तेथे मोटारमालकांवर विम्याची सक्ती झाली. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसास इजा झाल्यास त्याला भरपाई मिळावी, हा तिचा हेतू. पुढे १९४६ मध्ये विमा कंपन्यांनी सरकारशी करार करून एक मध्यवर्ती संस्था काढली. कोणाकडूनच भरपाई न मिळणाऱ्या जखमींना तिचा आधार झाला. परंतु विमेदाराच्या स्वतःच्या नुकसानीला वाली नव्हताच.

१९६६ मध्ये एमिल सावुंद्रा याची कंपनी बुडाली आणि सुमारे ४ लाख मोटारमालक उघडे पडले. १९६८ मध्ये सावुंद्राला ८ वर्षांची शिक्षा झाली. पण शिक्षेने कोणाची मोडकी गाडी दुरुस्त होत नाही! मार्च १९७१ मध्ये ‘व्हेइकल अँड जनरल’ ही त्याहून मोठी कंपनी कोसळली. सुमारे ८ लाख मोटारमालक एका दिवसात विम्याविना झाले. स्वस्त हप्त्याने गिऱ्हाईक ओढायचे, हीच दोन्हीकडची रीत.

अखेर १९७५ मध्ये विमेदार-संरक्षणाचा कायदा झाला व त्यासाठी एक मंडळ नेमले गेले. सक्तीच्या विम्याचा दावा पूर्ण भागवावा, खाजगी विमेदाराच्या इतर दाव्यांचे शेकडा ९० द्यावेत, असे ठरले. मोठ्या उद्योगसंस्थांना मात्र सर्वसाधारणपणे त्यातून वगळले. हा पैसा सरकारी तिजोरीतला नव्हे. तगून राहिलेल्या कंपन्यांवर पट्टी बसवून तो उभा करायचा. साहजिकच, सचोटीने धंदा करणाऱ्याने उधळ्याचे कर्ज का फेडावे, असा आक्षेप निघाला. आक्षेप अगदीच खोटा नव्हे. परंतु कंपनीची जमाखर्चाची पुस्तके तपासणे सामान्य माणसाच्या आवाक्यात नसते. व्यवसायाची पत टिकली तर लाभ सर्वच कंपन्यांना होतो. २००१ मध्ये हे काम ठेवीदारांनाही संरक्षण देणाऱ्या एका व्यापक योजनेकडे गेले.

आपल्याकडे वाट निराळी निघाली. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण करताना अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी मागील दहा वर्षांत २५ कंपन्या बुडाल्याचा दाखला दिला. त्याच वर्षीच्या कायद्याच्या ३७ व्या कलमाने महामंडळाच्या विमापत्रांना केंद्र सरकारची हमी मिळाली. इंग्लंडने धंदा खाजगी ठेवून जोखीम वाटून घेतली. आपण धंद्याबरोबर जोखीमही सरकारकडे घेतली. मार्ग भिन्न, तरी दोन्हींच्या मुळाशी जाणीव एकच: कंपनीच्या चुकीचा भुर्दंड हप्ते भरणाऱ्याच्या माथी मारणे न्यायाचे नव्हे.