परतण्याचे वचन

वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकी वकिलातीत व्यवसायाच्या व्हिसासाठी जाणाऱ्या डोंबिवलीकराला दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात: आपण कशासाठी जात आहोत आणि परत येणार आहोत. आम्हांस हे प्रश्न जुन्या ओळखीचे वाटतात.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या, तेव्हा व्हिसाची पद्धतच नव्हती. दार तिकडे उघडे होते; पहारा इकडे होता. म्हणून २४ फेब्रुवारीस बंगालमधील श्रीरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले, ‘अमेरिकेस का जाता?’ या प्रश्नास सविस्तर उत्तर दिले आणि हिंदू राहूनच परतण्याची ग्वाही दिली.

पुढे पहारा पलीकडे गेला. अमेरिकेच्या १९१७ च्या कायद्याने बहुतेक भारतीयांना दार लावले. १९६५ च्या कायद्याने ते उघडले. १९९० च्या कायद्याने ‘एच-१बी’ आणला. मात्र व्यवसायाचा ‘बी-१’ वेगळा. त्यावर बैठका, वाटाघाटी, करार चालतात. तेथील नोकरी चालत नाही. ‘कामासाठी चाललो’ या आपल्या सैल वाक्यात दोन्ही मावते, कायद्यात मावत नाही. शिवाय अर्जदार तेथेच राहू इच्छितो असे कायदा आधीच गृहीत धरतो.

प्रश्न तेच राहिले, विचारणारा बदलला. आनंदीबाई स्वकीयांशी वाद घालू शकत होत्या; खिडकीशी वादास जागा नसते, केवळ पुराव्यास असते. भाषणाची जागा कागदांनी घेतली, हा बदल आम्हांस लहान वाटत नाही.