तेजीच्या शिखरावरील स्थावर-खरेदी आणि पश्चात्ताप : १८६५ च्या मुंबईचा दाखला

प्रस्तावना

दीर्घकाळच्या मागणीनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात कार्यान्वित झाले आणि शहरातील जागांच्या भावाचा विषय पुन्हा घरोघरी निघू लागला. ‘आज घेतले नाही तर पुढे आवाक्यात राहणार नाही’ असे एक पक्ष म्हणतो. ‘भाव उतरले म्हणजे पस्तावाल’ असे दुसरा बजावतो. दोन्ही पक्ष भावाकडे पाहतात. खरेदीदाराकडे कोणी पाहत नाही. तेजीच्या शिखरावर खरेदी करणाऱ्यास पश्चात्ताप होतो काय, आणि होत असल्यास तो नेमका कोणास होतो, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात १८६१ ते १८६५ या काळातील मुंबईच्या तेजीच्या आधारे केला आहे.

तेजीची पार्श्वभूमी

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा तुटला. हिंदुस्थानातील कापसाचे भाव अनेक पटींनी चढले आणि त्या व्यापाराचा पैसा मुंबईत येऊन साचला. तो गुंतवावयाचा कोठे? बेटावरील जागा मोजकी होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचे तट पाडण्याचे काम हाती घेण्यात आले आणि मोकळ्या झालेल्या जमिनीमुळे नव्या बांधकामांना वाव मिळाला. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचें वर्णन’ प्रसिद्ध झाले ते १८६३ मध्ये, म्हणजे ही तेजी ऐन भरात असताना.

जमीन अपुरी पडते म्हटल्यावर समुद्र हटवून ती निर्माण करण्याच्या योजना पुढे आल्या. त्यांत बॅक बे रेक्लमेशन कंपनी सर्वांत गाजली. प्रत्येकी ५,००० रुपये भरणा झालेल्या तिच्या ४०० भागांचा जाहीर लिलाव झाला, तेव्हा प्रत्येक भागामागे २५,००० रुपयांहून अधिक अधिमूल्य मिळाले. येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. ज्या जमिनीसाठी एवढी किंमत मोजली गेली, ती अद्याप पाण्याखाली होती. खरेदीदाराच्या हाती पडला होता तो भावी जमिनीवरील हक्काचा कागद.

या व्यवहारांना कर्जाने बळ दिले. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेच्या कर्जव्यवहारावरील जुने निर्बंध सैल झाले. भाग तारण ठेवून कर्ज काढावे, त्या कर्जातून आणखी भाग घ्यावेत, असे चक्र सुरू झाले. या चक्राच्या केंद्रस्थानी प्रेमचंद रायचंद यांचे नाव होते. भावांच्या चढीवर तारणाची किंमत अवलंबून होती आणि तारणाच्या किमतीवर भावांची चढ.

उतरण आणि तिचे परिणाम

एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. युद्ध संपल्याची वार्ता येताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुदतीच्या सौद्यांची पूर्तता करण्याचा दिवस होता. त्या दिवशी देणेकऱ्यांची देणी थकली आणि एकाच्या दिवाळ्याने दुसऱ्याचे दिवाळे निघाले. एके काळी २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा भाग ८७ रुपयांवर आला. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळण्यात येऊन तिच्या जागी नवी बँक स्थापन झाली. बॅक बे कंपनीचाही बोजवारा उडाला.

भागांचे भाव उतरले हे सर्वश्रुत आहे. घरांच्या दृष्टीने अधिक बोलका पुरावा लोकसंख्येच्या आकड्यांत आहे. १८६४ च्या मोजणीत मुंबईची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ होती. १८६४ च्या मोजणीच्या अचूकतेविषयी शंका घेण्यात आल्या आहेत. ती सूट देऊनही घट लक्षणीय ठरते. कोकणातून व घाटावरून मजुरीसाठी आलेला माणूस काम आटोपले की गावाची वाट धरतो. त्याने सोडलेली खोली मात्र मालकाच्या गळ्यात राहते. १८८१ मध्ये लोकसंख्या ७,७३,१९६ झाली आणि १८९१ मध्ये ८,२१,७६४. म्हणजेच १८६४ चा आकडा ओलांडावयास सत्तावीस वर्षे लागली. भाडेकऱ्यांची रीघ अशीच राहील या भरवशावर तेजीत चाळ घेणाऱ्यास एक पिढी थांबणे भाग होते.

पश्चात्ताप कोणास?

तथापि सर्वच खरेदीदारांची गत एक झाली नाही. बॉम्बे ग्रीनच्या जागेवर आखलेल्या एल्फिन्स्टन सर्कलमधील भूखंड तेजीच्याच काळात विकले गेले. व्यापारी पेढ्यांनी ते आपल्या कचेऱ्यांसाठी घेतले, एकसारख्या दर्शनी भागांच्या इमारती बांधल्या आणि त्यांचा वापर सुरू राहिला. आजच्या हॉर्निमन सर्कलमध्ये त्या उभ्या आहेत. मंदीने त्यांची किंमत कमी केली असेल. उपयोग कमी केला नाही.

बॅक बेची कथा याहून बोधप्रद आहे. १८६५ मध्ये बुडालेली ती कल्पना १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने पुन्हा हाती घेतली. त्या वेळीही खर्च फुगला, काम रखडले आणि के. एफ. नरिमन यांनी त्यातील गैरव्यवहारांवर कोरडे ओढले. पुढे याच उपसागराच्या काठी मरीन ड्राइव्ह झाला, नरिमन पॉइंट झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यास तेथील कचेऱ्यांची भाडी जगातील सर्वाधिक भाड्यांमध्ये गणली गेली. तेव्हा १८६४ च्या खरेदीदाराचे अनुमान चुकले होते असे म्हणता येत नाही. मुंबई वाढेल हे त्याने अचूक ओळखले होते. त्याचे चुकले ते मुदतीत. जमिनीला शंभर वर्षे थांबता येत होते. कर्जदाराला १ जुलैच्या पुढे थांबता आले नाही.

‘जमिनीचे भाव शेवटी चढतातच’ या लोकप्रिय समजुतीतील उणीव येथे दिसते. भाव परत येतो, परंतु तो जुन्या मालकाच्या दारी येईलच असे नाही. नंतरच्या चढीचा लाभ बहुधा ज्याने लिलावात स्वस्तात घेतले त्यास मिळतो. काही दशकांनंतर मागे वळून पाहणाऱ्यास टिकलेले मालक दिसतात. नावे खोडली गेली ते दिसत नाहीत. म्हणून ‘कोणालाच पश्चात्ताप झाला नाही’ हा निष्कर्ष सोपा, पण फसवा ठरतो.

कोल्हापूरच्या संदर्भात

१८९१ मध्ये रेल्वे आल्यानंतर राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसविली. या पेठेच्या वाढीमागे गुळाचा प्रत्यक्ष व्यापार होता; जागेची किंमत तिच्या उपयोगामागून आली. बॅक बेमध्ये किंमत आधी आली आणि उपयोग अनेक दशके मागे राहिला. बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत आज फ्लॅट नोंदविणारा मध्यमवर्गीय खरेदीदार या दोन टोकांच्या मध्ये उभा असतो. २०१७ पासून महारेराचे संरक्षण त्यास आहे, हा १८६५ च्या तुलनेत मोठा फरक होय. पण प्रकल्पाची नोंदणी झाली म्हणून त्याच्या कर्जाचा हप्ता हलका होत नाही.

निष्कर्ष

तेजीच्या शिखरावर खरेदी केली एवढ्यावरून पश्चात्ताप ठरत नाही. ज्याने स्वतःच्या उपयोगासाठी, झेपेल एवढ्या पैशात जागा घेतली, त्याच्या दृष्टीने भावाची उतरण हा बहुतांशी कागदावरचा तोटा होता. ज्याने परक्याच्या पैशावर, परक्याच मागणीच्या भरवशावर घेतली, त्यास पश्चात्तापालाही सवड मिळाली नाही. जागाच हातची गेली. म्हणून भाव शिखरावर आहे काय, या प्रश्नाआधी खरेदीदाराने वेगळा प्रश्न विचारावा : भाव उतरले आणि दहा वर्षे वर आले नाहीत, तर या घरात मी राहू शकेन काय? उत्तर होकारार्थी असल्यास शिखराचे भय बाळगण्याचे कारण नाही. उत्तर नकारार्थी असल्यास, भाव शिखरापासून कितीही दूर असला, तरी ती खरेदी महागच होय.