कळ आधीं कीं नंतर? — गिटारच्या ध्वनिवर्धकाचा इतिहास



स्वयंपाकघरांतील एक गोष्ट आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. फोडणींत डाळ घालून उकळलेल्या आमटीला एक स्वाद येतो. तीच फोडणी साध्या वरणावर शेवटीं ओतली, तर स्वाद निराळा येतो. तेल तेंच, मोहरी तीच, हिंग तोच. प्रमाणांतही गुंजभर फरक नाहीं. बदलला तो केवळ क्रम. आजचा विषय वरवर पाहतां परदेशी व यांत्रिक वाटेल, परंतु त्याचें मर्म या क्रमाच्या प्रश्नांतच आहे. विजेच्या गिटारला जोडलेल्या ध्वनिवर्धकांत खर्ज, मध्य व तार स्वर कमीअधिक करणाऱ्या ज्या कळा असतात, त्या विद्युत्-लहरीच्या मार्गांत नेमक्या कोठें बसवाव्या? या प्रश्नाला निरनिराळ्या कारागिरांनीं जीं उत्तरें दिलीं, त्यांतून पाश्चात्त्य लोकप्रिय संगीताचे निरनिराळे आवाज घडले.

प्रथम हा मार्ग कसा असतो तें पाहूं. गिटारची पोलादी तार कंप पावली कीं तिच्याखालीं बसविलेल्या चुंबकाभोंवतींच्या वेटोळ्यांत एक अत्यंत क्षीण विद्युत्-लहर उत्पन्न होते. ती पहिल्या व्हाल्व्हमध्यें शिरून कित्येक पट मोठी होते. दुसऱ्यांत आणखी वाढते. पुढें, मोठ्या यंत्रांत, तिच्या परस्परविरुद्ध अशा दोन प्रतिमा करून त्या अखेरच्या शक्तिशाली व्हाल्व्हांना पुरविल्या जातात, आणि तेथून ट्रान्स्फॉर्मरच्या द्वारें ती लाउडस्पीकरचा कागदी पडदा हलविते. नादगुण बदलणाऱ्या कळा म्हणजे या वाटेवर कोठें तरी बसविलेली कंडेन्सर व रोधक यांची जुळणी होय. या जुळणीस स्वतःचें बळ नसतें. ती कोणताही स्वर वाढवूं शकत नाहीं, केवळ घटवूं शकते. वादक ‘तार स्वर वाढविले’ असें म्हणतो, तेव्हां वस्तुतः ते इतरांहून कमी घटविलेले असतात. म्हणून या जुळणींतून बाहेर पडलेली लहर पुष्कळच दुबळी झालेली असते व तिला सांवरण्यास मागाहून आणखी एक व्हाल्व्ह लागतो.

आतां कोणी विचारील कीं, घटवावयाचेंच आहे तर आधीं काय आणि नंतर काय? एखाद्या संख्येस आधीं पांचांनीं गुणून मग निम्मी केली काय, किंवा आधीं निम्मी करून मग पांचांनीं गुणिली काय, उत्तर एकच. व्हाल्व्ह नुसता गुणाकार करीत असेल, तर हें म्हणणें अक्षरशः खरें आहे. परंतु व्हाल्व्हला मर्यादा असते. मर्यादेबाहेरची लहर आली कीं तो तिचीं शिखरें छाटून टाकतो. त्या छाटणीमुळें मूळ नादांत नसलेले उपस्वर जन्मास येतात. दोन तारा एकदम छेडल्या असल्या, तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा व वजाबाक्या होऊन तिसरे-चौथे नादही उद्भवतात. यालाच इंजिनियर ‘विकृति’ म्हणतात. विकृति आली कीं गुणाकाराचा नियम संपतो आणि क्रमाचें राज्य सुरू होतें. खर्ज आधीं घटविला, तर त्यापासून होणारी गिचमिड जन्मासच येत नाहीं. मागाहून घटविला, तर खर्ज जातो, पण त्यानें इतर स्वरांत केलेली मिसळ तशीच राहते.

प्रारंभींच्या कारागिरांना हा विचार करण्याचें कारणच नव्हतें. १९३६ सालीं गिब्सन कंपनीनें ईएस-१५० ही विजेची गिटार बाजारांत आणली, तेव्हां नादगुणाची कळ वाद्याच्या अंगावरच होती. ध्वनिवर्धकानें जें मिळेल तें प्रामाणिकपणें मोठें करावें, एवढीच अपेक्षा होती. विकृति हा निव्वळ दोष मानला जाई. कॅलिफोर्नियांतील फुलरटन गांवीं १९३८ पासून रेडिओदुरुस्तीचें दुकान चालविणारे लिओ फेंडर हे याच मताचे होते. त्यांना स्वतःला गिटार वाजवितां येत नसे. परंतु वादकांच्या तक्रारी ऐकण्याचा कान त्यांना होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यांनीं ध्वनिवर्धक बनविण्यास आरंभ केला. लहान यंत्रांवर आवाजाची एकच कळ असे. थोड्या मोठ्यांवर तार स्वर गाळून टाकणारी आणखी एक.

पुढें खर्ज, मध्य व तार अशा तीन स्वतंत्र कळा हव्याशा वाटूं लागल्या, आणि जागेचा प्रश्न उभा राहिला. फेंडर यांच्या ‘बासमन’ या ध्वनिवर्धकाचा १९५८ च्या सुमाराचा नमुना या इतिहासांत मोलाचा आहे. तीन कळांच्या जुळणीचा भार मागच्या व्हाल्व्हवर पडतो व त्याचें बळ खचतें. यावर तोड म्हणून त्यांत दोन पायऱ्यांच्या वर्धनानंतर ‘कॅथोड फॉलोअर’ या पद्धतीनें जोडलेला एक व्हाल्व्ह बसविलेला होता. तो लहरीची उंची वाढवीत नाहीं, परंतु ओझें वाहण्याचें सामर्थ्य तिला देतो. या व्हाल्व्हनंतर कळा, आणि कळांनंतर लहरीच्या दोन प्रतिमा करणारा टप्पा. थोडक्यांत, कळा मार्गाच्या उत्तरार्धांत गेल्या. यामागें संगीताचा कांहीं सिद्धांत नव्हता. विद्युत्-शास्त्राची सोय होती. यंत्र बनविलें होतें विजेच्या बेससाठीं. पण गिटारवाल्यांनींच तें उचललें.

या यंत्राचें खरें भाग्य मात्र समुद्रापलीकडे उघडलें. लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल यांचें वाद्यांचें दुकान होतें. अमेरिकन ध्वनिवर्धक तेथें महाग पडत. म्हणून १९६२ सालीं मार्शल, केन ब्रॅन व तरुण डडली क्रेव्हन यांनीं बासमनच्याच आराखड्यावरून जेटीएम-४५ हें यंत्र तयार केलें. कळांची जागा तीच ठेविली. परंतु पहिल्या पायरीस ४४ वर्धनांकाच्या व्हाल्व्हऐवजीं इंग्लंडांत सहज मिळणारा १०० वर्धनांकाचा व्हाल्व्ह आला, आणि लाउडस्पीकर बंद पेटींत बसले. परिणाम असा झाला कीं आवाज चढविला म्हणजे कळांच्या अलीकडचे व्हाल्व्हच शिखरें छाटूं लागले. मग कळांचें काम बदललें: आतां त्या स्वच्छ स्वरास नव्हे, तर विकृतीनें आधींच भरलेल्या स्वरास आकार देऊं लागल्या. पुढें रॉक संगीताचा म्हणून जो भरदार, गुरगुरणारा आवाज ओळखला गेला, त्याचें एक मूळ येथें आहे.

गंमत अशी कीं याच सुमारास फेंडर स्वतः उलट दिशेनें निघाले होते. त्यांच्या नव्या यंत्रांत दोन वाद्यांसाठीं दोन स्वतंत्र मार्ग होते आणि प्रत्येकास स्वतःच्या कळा द्यावयाच्या होत्या. मार्ग एकत्र होण्यापूर्वींच कळा येणें भाग होतें. १९६३ सालच्या ‘ट्विन रिव्हर्ब’ यंत्रांत पहिल्या व्हाल्व्हच्या लगेच पुढें कळा, त्यापुढें आवाजाची कळ, मग दुसरा व्हाल्व्ह, अशी मांडणी दिसते. कळांनीं लहर आरंभींच दुबळी केल्यामुळें पुढचे व्हाल्व्ह सहसा मर्यादा ओलांडीत नाहींत. छाटणी झालीच तर ती अखेरच्या शक्तिशाली व्हाल्व्हांत, म्हणजे कळांच्या पुष्कळ पलीकडे होते. त्या यंत्राचा कांचेसारखा लख्ख आवाज कित्येक वादकांना आजही प्रिय आहे.

तिसरें उत्तर इंग्लंडांतील डार्टफर्ड गांवचें. टॉम जेनिंग्ज यांच्या कारखान्यांत डिक डेनी यांनीं योजिलेलें ‘व्हॉक्स एसी-३०’ हें यंत्र १९५९ मध्यें आलें. त्यांत ‘कट’ नांवाची एक कळ लहरीच्या दोन प्रतिमा झाल्यानंतर, अखेरच्या व्हाल्व्हांच्या उंबरठ्यावर बसविलेली आहे. ती जितकी चढवावी तितके तार स्वर कमी होतात. पुढें वादकांच्या मागणीवरून खर्ज व तार यांच्या दोन कळांची जोड त्याच यंत्रास देण्यांत आली, ती मात्र अलीकडच्या टप्प्यांत. एकाच पेटींत दोन ठिकाणीं नियंत्रण आलें.

ही कल्पना पूर्णत्वास नेली ती १९७० च्या दशकांत कॅलिफोर्नियांतील रँडॉल स्मिथ यांनीं. फेंडरच्या लहानग्या ‘प्रिन्स्टन’ यंत्रांत मोठ्या यंत्राची शक्ति भरण्यापासून त्यांनीं सुरुवात केली. पुढें ‘मेसा बूगी’ यंत्रांत त्यांनीं फेंडरप्रमाणें कळा आरंभींच ठेविल्या, पण त्यानंतर वर्धनाच्या जादा पायऱ्या घातल्या. मुद्दाम विकृति आणणाऱ्या या पायऱ्यांच्या आधीं कळा असल्यानें खर्जाची कळ थोडीशी चढविली तरी आवाज लडबडतो. ती जवळजवळ बंद ठेवावी लागते. मग गेलेला खर्ज परत आणावयाचा कसा? त्यासाठीं विकृतीच्या पायऱ्यांनंतर पांच सरकत्या पट्ट्यांचें दुसरें नियंत्रण त्यांनीं दिलें. आधीं गाळणें व नंतर घडविणें, हीं दोन कामें अशीं वेगळीं झालीं. १९८६ सालच्या मेटॅलिका या वाद्यवृंदाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’ ध्वनिमुद्रणांत याच घराण्याच्या यंत्राचा उपयोग झालेला आहे.

या इतिहासापासून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली दोषासंबंधीं. अनेक तंतुवाद्यांत तार घोडीला घासून झणझणूं लागली तर आपण तो दोष समजतों. पण तंबोऱ्यांत दोरा सरकवून तीच झणझण आपण यत्नानें साधतों व तिला जवारी म्हणून गौरवितों. उपस्वरांच्या या लोभानेंच पाश्चात्त्य वादकानें व्हाल्व्हची विकृति जवळ केली. ज्या इंजिनियरांनीं ती टाळण्यासाठीं आयुष्य वेंचलें, त्यांचीच यंत्रें तिचीं साधनें झालीं. साधन कशासाठीं घडविलें हें कर्ता ठरवितो. तें कशासाठीं वापरलें जाईल, हें त्याच्या हातीं राहत नाहीं.

दुसरी गोष्ट नांवांसंबंधीं. या सर्व यंत्रांच्या कळांवर बहुधा तीच अक्षरें कोरलेलीं असतात: खर्ज, मध्य, तार. म्हणून एका यंत्रावर कळ जेथें ठेविली तेथेंच दुसऱ्यावरही ठेवून तोच आवाज येईल, अशी पुष्कळांची समजूत होते व पदरीं निराशा येते. फेंडरवरचा खर्ज पुढच्या व्हाल्व्हांना काय खावयास मिळावें तें ठरवितो. मार्शलवरचा खर्ज त्यांनीं रांधलेल्या अन्नाची चव सुधारतो. नांव एक, काम दोन. आज संगणक या यंत्रांचें हुबेहुब अनुकरण करतात व वादकाला पाहिजे तो टप्पा पाहिजे तेथें नेतां येतो. निवड सोपी झाली आहे, पण तिची जबाबदारी कारागिराकडून वादकाकडे आली आहे. कळ किती फिरवावी हें विचारण्याआधीं ती मार्गांत कोठें आहे हें त्यानें विचारावें; पहिल्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं दुसऱ्यांतच सांपडतें.