४ डिसेंबर : नौदल दिन आणि जहाजावरचा सुतार

१९७१च्या ४ डिसेंबरच्या रात्री ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या भारतीय क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदरावर हल्ला केला. पाकिस्तानची ‘खैबर’ विनाशिका बुडाली. त्या ‘ऑपरेशन ट्रायडंट’ची आठवण म्हणून आज नौदल दिन.

लाकूडकामासाठी ओळखल्या जाणाऱ्या सावंतवाडीच्या लोकांनी आज आणखी एकाची आठवण ठेवावी, ती जहाजावरच्या सुताराची. नौदलात त्याला शिपराईट म्हणतात. पोलादी युद्धनौकेलाही लाकूड लागतंच. भगदाड पडलं की लाकडी मेखा आणि पाचरी ठोकून पाणी अडवायचं, दाबाने वाकणाऱ्या भिंतीला वाशांचा टेकू द्यायचा. पाण्याने फुगलेलं लाकूड भोकात आणखी घट्ट बसतं, हे ज्ञान कोकणातल्या होड्या बांधणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या आहे.

२०२२पूर्वी भरती झालेल्या खलाशाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळतं, तेव्हा तो अजून ऐन तिशीत असतो. गावी परतलेल्या सुतारापुढे मग रंधा-वाकसाची तीन-चार दशकं उरतात: दारं, चौकटी, देव्हारे, गणपतीचे पाट. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाखेच्या रंगांची खेळणी आणि लाकडी फळं जगाला ठाऊक झाली, पण खेड्यातल्या या कारागिराची नोंद कुणी फारशी घेतली नाही. १९७१मध्ये विशीत असलेले शिपराईट आज सत्तरीपार आहेत. त्यांना बोलतं करायला हवं, आणि तेही लवकर.

२०२३मध्ये तर नौदल दिनाचा मुख्य सोहळा सावंतवाडीच्याच जिल्ह्यात, मालवणजवळ तारकर्लीच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात झाला.