कायद्याने गोरे, कारखान्यात ‘हंकी’

१/ विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गेलेले सर्ब कायद्याच्या दृष्टीने ‘गोरे’ होते, म्हणून त्यांना नागरिकत्वाचा मार्ग खुला होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना सर्वोच्च न्यायालयाने ‘गोरे’ मानले नाही आणि तोच मार्ग बंद केला.

२/ परंतु पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यांत बारा तासांची पाळी आणि भट्टीजवळची अंगमेहनत सर्ब, स्लोव्हाक मजुरांच्या वाट्याला येई. कुशल कामे व मुकादमी बहुधा इंग्रज, जर्मन वंशीयांकडे राही. ‘हंकी’ हे या स्लाव मजुरांना हिणवण्याचे नाव.

३/ १९२४ च्या कायद्याने जर्मनीला वर्षाला ५१,२२७ जागा दिल्या, युगोस्लाव्हियाला अवघ्या ६७१. त्याच वर्षी सर्ब वंशाचे शास्त्रज्ञ मायकेल प्युपिन यांच्या आत्मचरित्रास पुलित्झर पारितोषिक लाभले.

४/ सर्ब आणि इतर गोरे अमेरिकन यांच्या स्थितीची तुलना करताना ‘गोरे’ हा एकच रकाना म्हणूनच अपुरा ठरतो. वर्णाने नागरिकत्व दिले. समान वेतन आणि मान दिला नाही.