पंच कार्डावरचं स्थळ

जोड्या जुळवायला संगणक ही कल्पना काल-परवाची नाही बरं का! १९५९ साली स्टॅनफर्डच्या फायलर आणि हार्वे या दोन विद्यार्थ्यांनी वर्गातला प्रकल्प म्हणून ४९ मुलं नि ४९ मुलींकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, कार्डं पंच केली आणि आयबीएम ६५० ला जोड्या लावायला सांगितलं. उत्तरांत फरक जितका कमी, तितकी जोडी बरी. (आपले ३६ गुण आठवले ना?) १९६५ मध्ये हार्वर्डच्या पोरांनी 'ऑपरेशन मॅच' काढून हाच उद्योग ३ डॉलरला विकला. पण ते यंत्र नाव-नंबर छापून गप्प बसायचं. पुढे फोनवर त-त-प-प ज्याचं त्यानंच करायचं. आता एआय पहिला मेसेजही लिहून देतं, आणि माझ्या मते खरी गडबड इथेच आहे. समोरची मुलगी भाळते ती नक्की कुणावर?